व्हिंटेज पोर्ट
पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात, म्हणजे ज्या मुलखाची सरहद्द पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या अमदानीत १७५६ साली मुक्रर करण्यास आरंभ झाला तेथे, एकाच उत्कृष्ट वर्षाच्या द्राक्षांपासून होणारे मद्य. किण्वन अपुरे असतानाच द्राक्षांचा ऊर्ध्वपातित मद्यार्क मिसळल्याने साखर शिल्लक राहून त्याची तीव्रता सुमारे २० टक्के होते. पिंपात दोनएक वर्षे ठेवून न गाळता भरलेले हे मद्य बाटलीतच दशकानुदशके परिपक्व होते. ‘कुल्येइता’ हा एकाच वर्षाच्या द्राक्षांचा दुसरा पोर्ट-प्रकार मात्र पिंपातच किमान सात वर्षे मुरते. गोव्यात मिळणारी गोड ‘पोर्ट वाइन’ ही वस्तू सर्वस्वी निराळी. जुनी बाटली दिवसभर उभी ठेवून, भुसभुशीत बूच हलक्या हाताने काढून, दिव्याच्या उजेडात मद्य सुरईत ओतावे व मानेशी गाळाची काळी रेघ दिसताच हात आवरावा.