विटाळ, पिसू आणि पिंजरा

परळचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गिरण्यांबद्दल पुष्कळ लिहिले आहे. भोंगे, संप, गेटसभा, खाणावळी यांची नोंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु याच परळमध्ये आणखी एका प्रकारचे कारखाने होते. त्यांतून कापड निघत नव्हते. लस निघत होती, संशोधन निघत होते. त्यासाठी उंदीर, गिनीपिग आणि ससे पिंजऱ्यांत वाढवावे लागत. हे पिंजरे कोणीतरी धूत होते. त्या माणसांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. माझे वडील त्यांच्यापैकी एक होते, म्हणून हा विषय मी हाती घेत आहे.

आरंभ प्लेगपासून करावा लागेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. थोड्याच दिवसांत मुंबई सोडून पळणाऱ्यांनी आगगाड्या भरून गेल्या. त्या वेळी महापालिकेच्या अधिकाऱ्यांना सर्वांत मोठी धास्ती कशाची वाटत होती? व्यापारी गेले, कारकून गेले, तरी शहर कसेबसे चालले असते. हलालखोर आणि बिगारी गेले असते तर मात्र शहर राहण्याजोगे उरले नसते. ज्यांची सावली नको होती, त्यांच्याशिवाय एक दिवस काढता येत नाही, हे सत्य प्लेगने सरकारी कागदावर आणले. कागद पुढे दप्तरात गेला आणि सत्यही त्याच्याबरोबर गेले.

प्लेगवर लस शोधण्यासाठी वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. हे ओदेसाचे ज्यू. ज्यू म्हणून रशियात त्यांची वाट अडवली गेली होती. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा या वाड्यात पटकीने मृत्यू झाला होता. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार हिल गाठले. साहेबाने सोडलेल्या घरात रोगजंतू राहायला आले. १९२५ पासून या संस्थेला हाफकिन यांचे नाव आहे.

स्वच्छता हा या प्रयोगशाळेच्या जीवनमरणाचा प्रश्न कसा होता, हे १९०२ मध्ये दिसले. पंजाबातील मलकोवाल या खेड्यात लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना बाजूला व्हावे लागले. बाटली उघडताना खेड्यातील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही गोष्ट मागाहून पुढे आली. १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे कलंक पुसला गेला. एक न धुतलेला चिमटा १९ माणसांचा जीव घेतो आणि एका शास्त्रज्ञाची वर्षे खातो. असे असताना धुणे हे हलके काम कसे ठरते?

आता मी ज्या घटनेकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तिच्याकडे येतो. उंदराच्या अंगावरील पिसू प्लेग पसरवते, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितले होते. त्याच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. १९०५ पासून परळमध्ये एका संशोधन मंडळाने हा प्रश्न तडीस नेला. ग्लेन लिस्टन हे त्यात प्रमुख होते. प्रयोगासाठी खास खोल्या बांधण्यात आल्या. त्यांत प्लेग झालेले आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. आणि या खोल्या मुद्दाम झाडल्या नाहीत, धुतल्या नाहीत. रोगी जनावरांची विष्ठा आणि मूत्र तिथेच पडून राहिले, खाणेही त्यातच मिसळले. जोवर पिसवा नव्हत्या, तोवर या घाणीतून आणि या स्पर्शातून निरोगी जनावरांमध्ये प्लेगची साथ पसरली नाही. पिसवा आल्या तेव्हा ती मरू लागली. काही गिनीपिग जमिनीपासून दोन इंच उंचीवरच्या पिंजऱ्यात ठेवले, काही दोन फूट उंचीवर. दोन इंचांवरचे मेले, दोन फुटांवरचे वाचले. कारण पिसूची उडी तिथवर पोहोचत नाही.

हा निष्कर्ष केवळ वैद्यकाचा नाही. हजारो वर्षे आपल्याला असे सांगण्यात आले की विटाळ स्पर्शात असतो, तो जन्माने येतो आणि पिढ्यान् पिढ्या उतरतो. परळच्या त्या न झाडलेल्या खोल्यांत स्पर्श निर्दोष सुटला आणि गुन्हेगार सापडला. तो दोन इंच उडत होता, त्याला जात नव्हती. घाण माणसाच्या वंशात नसते. ती कुठे आहे, कशाची आहे, किती अंशांच्या उष्णतेने आणि किती मिनिटांत नाहीशी होते, हे मोजता येते. १८७९ मध्ये पाश्चर यांचे सहकारी शांबरलाँ यांनी बनवलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस दाबयुक्त वाफ पंधरा-वीस मिनिटे दिली की जंतूंचे चिवट बीजाणूसुद्धा मरतात. पिंजरा शेवटच्या पाण्यात ८२ अंशांच्या वर खंगाळला की बहुतेक रोगजंतूंपासून मोकळा होतो. या भांड्याला गोमूत्र लागत नाही, मंत्र लागत नाही. शुद्धीचे गणित इतके सरळ असताना शुद्धी करणारा माणूस मात्र अशुद्धच राहिला. विज्ञान परळला आले, पण ते पिंजऱ्याच्या आतच थांबले.

हे मी कशाच्या आधारे म्हणतो? माझे वडील १९५७ मध्ये परळ भागातील एका प्रयोगशाळेच्या प्राणीघरात कामाला लागले. तिथे पिंजरे धुण्यावर आठ माणसे होती. जाहिरातीत जात लिहिलेली नव्हती. पण आठांतले पाच आमचे आणि तिघे मेहतर समाजाचे होते. सर्व प्रयोगशाळांतून असेच होते असा माझा दावा नाही. मी पाहिले तेवढे सांगतो. वडिलांचे थोरले भाऊ गिरणीत होते, पण विणकाम खात्यात त्यांना पाऊल टाकता येत नव्हते. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून आमच्या ओठांचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला, तरी पुढे पुष्कळ वर्षे खात्याचे दार किलकिलेच राहिले. एका भावाला सुताला शिवण्याची बंदी, तर दुसऱ्या भावाला रोगी उंदराचा पिंजरा धुण्याची पूर्ण मुभा! जातिव्यवस्था कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. आमच्या नायगावच्या खोलीत त्याचा पुरावा रोज दोन डबे घेऊन बाहेर पडत असे.

वडील चौथी शिकलेले. पण त्यांच्या कामात शास्त्र होते आणि ते मी त्यांच्याकडून ऐकले आहे. सकाळी आधी निरोगी जनावरांच्या खोलीत जायचे, मग रोगी जनावरांच्या. उलट कधीही नाही. पिंजरे पत्र्याचे आणि जाळीचे. तळाचा ओला भुसा खरवडून काढायचा, डब्यात भरायचा, जाळायला पाठवायचा. सशाच्या मूत्राचा पांढरा चुनखडीसारखा थर पत्र्याला धरतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. त्याला पातळ आम्ल लागते. मग धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, मग खंगाळणे. सोडा राहिला तर जनावर चाटते. पाण्याच्या बाटल्यांची तोटी आतून वेगळ्या ब्रशाने घासायची. फिनेल पिंजऱ्याला नाही, जमिनीला. “बोट फिरवून बघ,” ते नव्या पोराला सांगत, “बोट चिकटलं तर परत धुवायचं. आन् आधी नाकानं बघ, डोळ्यानं मागाहून.” नाकाने बघणे म्हणजे काय, हे मला पुढे पुस्तकात सापडले. भुसा वेळेवर बदलला नाही तर मूत्रातून अमोनिया सुटतो, उंदरांच्या श्वासमार्गाला इजा करतो आणि छातीचे दुखणे वाढवतो. मग औषधाने उंदीर आजारी पडला की पिंजऱ्याने, हे शास्त्रज्ञाला कळत नाही. म्हणजे प्रयोगाचा निष्कर्ष ज्या पायावर उभा असतो, तो पाया वडील रोज सकाळी घालत होते. अहवालावर मात्र त्यांची सही नव्हती आणि नावही नव्हते.

त्यांना हातमोजे मिळत ते फाटेपर्यंत. फाटल्यावर नवे मिळायला अर्ज लागे. सोड्याने आणि आम्लाने त्यांची बोटे सोलवटून गेली होती. दहा-बारा वर्षांनी त्यांना दमा जडला. सोमवारी, सुटीनंतर कामावर गेले की धाप लागे. रजेत गावी गेले की थांबे. त्यांच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितले. वडील बिडी ओढत नव्हते. उंदरांच्या मूत्रातील प्रथिने श्वासावाटे जाऊन प्राणीघरातील कामगारांना दमा होतो, ही गोष्ट आज वैद्यकात मान्य झालेली आहे. ती वाचली तेव्हा वडील हयात नव्हते. उंदराला काय झाले याची नोंद रोज लिहिणाऱ्या त्या इमारतीत, उंदराचा पिंजरा धुणाऱ्याला काय झाले याची वही नव्हती.

आपल्या कायद्यांच्या तारखा येथे शेजारी ठेवून पाहाव्यात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. प्रयोगांवर देखरेख करणारी समिती त्याच कायद्याने १९६४ मध्ये नेमली गेली आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम १९९८ मध्ये आले. पिंजऱ्याची जागा, हवा, तापमान, सफाई, सगळ्याचा विचार झाला. तो व्हायला हवा होता. मुक्या जिवाविषयी करुणा ही बुद्धाची शिकवण आहे आणि आमचा तिला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु माणसाने हाताने मैला उचलू नये, यासाठीचा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला. तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला, आणि त्यानंतरही गटारांत माणसे गुदमरून मरतच आहेत. सशाच्या श्वासाची मोजणी आधी झाली, माणसाच्या श्वासाची मागाहून.

आज पिंजरे प्लास्टिकचे झाले आहेत, ते धुणारी यंत्रे आली आहेत, प्रत्येक पिंजऱ्यात गाळलेली हवा सोडण्याची सोय झाली आहे. ही चांगली गोष्ट आहे. जे काम यंत्र करू शकते ते माणसाच्या हातावर का लादावे? पण यंत्रापर्यंत पिंजरा ओढत नेणारा आणि भुसा ओतून घेणारा कोणीतरी असतोच. त्याला हे काम जन्माने मिळाले की निवडीने, त्याच्या छातीची तपासणी होते की नाही, हे प्रश्न यंत्र सोडवीत नाही.

प्लेगमुळेच १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने बांधलेल्या पोयबावडीच्या चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब राहिले. ९ मार्च १९२४ रोजी परळच्याच दामोदर हॉलमध्ये त्यांनी सभा बोलावली आणि तीतून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. प्रयोगशाळा, चाळ आणि सभागृह एकाच परळातली. पिसूचा शोध आणि विटाळाविरुद्धचा लढा एकाच वस्तीत वाढले. पण एकाचा इतिहास दुसऱ्याच्या इतिहासाला भेटला नाही.

ही भेट आपण घडवून आणली पाहिजे. परळ, नायगाव, शिवडी, लालबाग येथील ज्यांच्या घरी कोणी प्रयोगशाळेत, प्राण्यांच्या दवाखान्यात, लसखान्यात अशा कामावर होते, त्यांनी ते लिहून ठेवावे. पगार किती, काम कोणते, हत्यारे कोणती, दुखणे कोणते, सारे लिहावे. घरात कागद नसतील, पण माणसे अजून आहेत. माझ्या वडिलांचे मी फार उशिरा विचारले. त्यांनी मला जेवढे सांगितले तेवढे वर आले आहे. जे विचारायचे राहिले ते आता मिळणार नाही.