पन्हाळा ते पावनखिंड : पायांनी वाहिलेली श्रद्धांजली



ज्या समाजाला आपल्या पूर्वजांचे स्मरण राहत नाही त्याला पुढची वाट सापडत नाही, असे आपले वडीलधारे सांगत आले. परंतु स्मरण कसे करावे, हा प्रश्न स्मरण करावे की नाही या प्रश्नाहून अधिक अवघड आहे. पुतळा उभारणे, हार घालणे, जयंतीस भाषणे करणे हे मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तथापि, रणात पडलेल्या वीरांनी जी वाट तुडविली तीच वाट पुन्हा पायी चालणे, हाही एक मार्ग आहे. तो आज महाराष्ट्रात चांगलाच रुजला आहे. दरवर्षी आषाढात, भर पावसात, पन्हाळगडापासून पावनखिंडीपर्यंत निघणारी पदयात्रा म्हणजे अशीच श्रद्धांजली होय. या पदयात्रेशी आपल्या नाभिक ज्ञातीचा संबंध अगदी पहिल्या पावलापासून आहे, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला.

प्रथम तो प्रसंग थोडक्यात पाहू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाचा वध झाला. त्या प्रसंगी सय्यद बंडाचा वार अडविणाऱ्या जिवा महालांचे नाव आपल्या घरोघरी आहे. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण साऱ्या महाराष्ट्राची झाली आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा स्वराज्यात आला. विजापूर दरबाराला हे सहन होणे शक्य नव्हते. सिद्दी जौहर प्रचंड फौज घेऊन चालून आला आणि मार्च १६६० पासून महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात अडकले. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी तोफा व दारूगोळा आणून सिद्दीला साहाय्य केले. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडण्याचा केलेला यत्न सफळ झाला नाही.

आपल्या भागातील वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पन्हाळा वेढ्यात असताना आपल्या मुलखावरही संकट कोसळले होते. मोगलांचा शाइस्ताखान १६६० च्या मे महिन्यात पुण्यात येऊन बसला आणि जूनमध्ये त्याने चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो भुईकोट सुमारे दोन महिने झुंजविला. ज्या चाकणकडे आज आपली मुले कारखान्यांच्या बसगाड्यांत बसून पाळीवर जातात, त्याच चाकणात हे घडले. दक्षिणेस पन्हाळा आणि उत्तरेस चाकण, असा स्वराज्याचा जीव दोन्हीकडून आवळला जात होता. महाराज पन्हाळ्यावर सापडले असते तर पुढचा इतिहास घडलाच नसता. त्या रात्रीचे महत्त्व एवढे आहे.

ती रात्र आषाढ पौर्णिमेची, शके १५८२, म्हणजे १२ जुलै १६६०. शरणागतीची बोलणी लावल्यामुळे वेढा किंचित सैल पडला होता. पाऊस कोसळत होता. महाराज निवडक मावळ्यांनिशी राजदिंडीच्या वाटेने गडाखाली उतरले व विशाळगडाच्या दिशेने निघाले. परंपरा सांगते की त्या रात्री पालख्या दोन होत्या. एकीत महाराज होते आणि दुसरीत महाराजांचा पोशाख ल्यालेले शिवा काशीद. हे शिवा काशीद पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचे आणि व्यवसायाने नाभिक. ही दुसरी पालखी शत्रूच्या हाती लागली. महाराज सापडले म्हणून सिद्दीच्या छावणीत आनंदीआनंद झाला. पुढे खरा प्रकार उघडकीस येताच शिवा काशीदांना प्राणास मुकावे लागले. त्यांच्या मरणाने विकत घेतलेल्या त्या अवधीत महाराजांची पालखी पुढे निघून गेली होती.

सिद्दी मसूद घोडदळासह पाठलागावर निघाला. दुसऱ्या दिवशी गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे, त्यांचे बंधू फुलाजी आणि हिरडस मावळातील बांदलांचा जमाव पाय रोवून उभा राहिला. महाराज पुढे गेले. विशाळगडालाही सुर्वे व दळवी यांचा वेढा होता, तो कापून त्यांना गड गाठावा लागला. गडावरून तोफांचे बार ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड सोडली नाही, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. बाजी पडले, फुलाजी पडले, बांदलांचे शेकडो मावळे पडले. घोडखिंडीची पावनखिंड झाली.

आता पदयात्रेकडे वळू. आषाढ पौर्णिमेच्या सुमारास निरनिराळ्या संस्थांचे, गिर्यारोहक मंडळांचे आणि शाळा-महाविद्यालयांचे जथे पन्हाळ्यावर जमतात. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला वंदन होते, शिवा काशीदांच्या स्मृतीला फुले वाहिली जातात आणि यात्रा गडाखाली उतरते. पुढे म्हाळुंगे गाव लागते आणि नंतर मसाई पठाराची चढण. हे पठार मैलोगणती सपाट आहे. पावसाळ्यात त्यावर धुके असे उतरते की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या लागतात. बहुतेक जण या टापूतच मुक्काम करतात. दुसऱ्या दिवशी माळेवाडी, पाटेवाडी या मार्गाने पांढरेपाणी आणि तेथून पावनखिंड. एकूण अंतर सुमारे ५० किलोमीटर भरते. वाटेत गुडघाभर चिखल असतो, ओढे तुडुंब भरलेले असतात आणि रानात जळवा पायांना चिकटतात. वाडीवरची माणसे आपल्या घरांचे पडवी-सोपे यात्रेकरूंना उघडून देतात आणि चुलीवरचा गरम चहा पुढे करतात.

आम्ही शाळेत इतिहास शिकविला तेव्हा हे सारे एका तासात संपत असे. फळ्यावर नकाशा, दोन सनावळ्या आणि एक उतारा. ही वाट चालल्यावर मात्र त्या तासात काय राहून गेले ते कळते. आपण दोन दिवस घेतो, दिवसाउजेडी चालतो, पाठीवर कोरडे कपडे बाळगतो, तरी पाय सुजतात. त्या मावळ्यांनी हीच वाट रात्री, पावसात, पालखी खांद्यावर घेऊन आणि पाठीशी शत्रू असताना एका दमात तोडली आणि शेवटी विसावा न घेता लढाईला उभे राहिले. ग्रंथ वाचून एवढे उमगत नाही. वारकऱ्यांच्या या भूमीत हे अधिक सांगणे नलगे. देहू-आळंदीच्या पालख्यांमागे चालणाऱ्यांना पंढरीच्या वाटेचा अर्थ पाय शिकवितात. आषाढी एकादशीला ती वारी पोहोचते आणि अवघ्या चार-पाच दिवसांनी पौर्णिमेला या दुसऱ्या वारीची तिथी येते, हा योग आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो.

अशी प्रथा केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ९ एप्रिल १९४२ रोजी फिलिपिन्समधील बताआन येथे अमेरिकी व फिलिपिनो सैन्याने जपान्यांपुढे शस्त्रे ठेवली. त्या सुमारे ७५ हजार कैद्यांना रणरणत्या उन्हात अन्नपाण्यावाचून शंभराहून अधिक किलोमीटर चालविण्यात आले आणि त्यात हजारो मेले. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतातून त्या युद्धास गेलेल्या सुमारे १८०० शिपायांपैकी निम्मेच घरी परतले. १९८९ पासून त्या प्रांतात त्यांच्या स्मरणार्थ वाळवंटातून सुमारे ४२ किलोमीटरांची पदयात्रा निघते. विशेष हे की प्रारंभ त्या प्रांताच्या सुपुत्रांसाठी झाला असला, तरी स्मरण बताआनच्या सर्वच बळींचे होते, आणि त्यांत फिलिपिनो लोक कितीतरी अधिक होते.

येथे आम्हाला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे त्याकडे येतो. अलीकडे या एका रात्रीचे वाटे पडू लागले आहेत. बाजीप्रभू अमक्यांचे, बांदल तमक्यांचे, शिवा काशीद आमचे, असे जो तो म्हणतो. आपल्याही बैठकांतून ‘आपली यात्रा आपण वेगळी काढावी आणि ती नेबापूरलाच संपवावी’ अशी सूचना तरुणांकडून ऐकू येते. त्यामागची वेदना आम्ही जाणतो. पिढ्यान्‌पिढ्या गावकीत आपल्या माणसाने सर्वांची सेवा केली, पण मानाच्या वेळी त्याला पंगतीच्या कडेला बसविले गेले. पाठ्यपुस्तकात बाजीप्रभूंना पानभर जागा मिळते आणि शिवा काशीदांना एखादी ओळ, हे आम्ही स्वतः वर्षानुवर्षे शिकविले आहे. ही उणीव भरून निघालीच पाहिजे. परंतु ती भरून काढण्याचा मार्ग वेगळ्या यात्रेचा नव्हे.

याविषयीचा दाखला त्याच प्रसंगात आहे. स्वराज्याच्या दरबारी तलवारीच्या पहिल्या पानाचा मान कान्होजी जेध्यांचा होता. पावनखिंडीनंतर महाराजांनी तो मान बांदलांना द्यावा असे मनात आणले व जेध्यांस विचारले. जेध्यांनी तो आनंदाने सोडला, असे जेधे घराण्याच्या कागदांत आढळते. जेधे व बांदल ही शेजारची घराणी आणि त्यांच्यात जुने वैर होते. तरीही रणात पडलेल्यांसाठी जेध्यांनी आपले पहिले आसन रिकामे केले. पावनखिंडीच्या वीरांचे हे अगदी पहिले स्मारक होय आणि त्यास दगड लागला नाही, चुना लागला नाही. दुसऱ्याच्या हुतात्म्याला आपल्या पुढची जागा देणे, हाच मृतांचा खरा सन्मान, हे स्वराज्याने त्या वर्षीच शिकविले.

एकदा सातवीच्या वर्गात एका मुलीने आम्हाला विचारले होते, ‘गुरुजी, खिंडीत पडलेल्या बाकीच्यांची नावे काय?’ त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पालखी वाहणारे भोई, वाट दाखविणारे, खिंडीत दगड लोटणारे, अशा कितीकांची ना समाधी, ना जात, ना कुळी उरली. त्यांचा वारसा कोणत्या ज्ञातिसंस्थेने सांगावा? त्यांच्यासाठी कोणी चालावयाचे? ज्या ज्ञातीच्या पूर्वजाने दुसऱ्याचे नाव व वेष धारण करून मरण पत्करले, तिच्यावर या अनामिकांचे ऋण सर्वांत आधी येते. शिवा काशीद मेले ते शिवाजी म्हणून. स्वतःचे नाव त्यांनी त्या रात्री बाजूला ठेवले होते. त्यांच्या नावाने आपण वाटणी मागावी हे त्यांना कितपत रुचले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी करावा.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या आषाढात आपल्या ज्ञातीच्या कुटुंबांनी हिंजवडीहून एकत्र निघावे आणि जी सर्वांची यात्रा आहे तीतच सामील व्हावे. आपल्या येथील म्हातोबाच्या बगाडाच्या दिवशी हिंजवडी आणि वाकड ही दोन्ही गावे एकाच वाटेवर चालतात. तेव्हा एकत्र चालण्याची रीत आपणांस नवी नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांत दिवसभर बसून काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी महिनाभर आधीपासून रोज पाच-सहा किलोमीटर चालण्याचा सराव ठेवावा. वाडीवरच्या लोकांवर भार टाकू नये, मुक्कामाचा शिधा सोबत न्यावा आणि कचरा परत आणावा. पहिले फूल शिवा काशीदांच्या समाधीवर वाहावे, पण तेथे थांबू नये. पावनखिंडीत लोखंडी शिडीने उतरून निनावी मावळ्यांसाठी माथा टेकावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी पुढे विशाळगडावर जाऊन बाजी व फुलाजी यांच्या समाधींवरही तितक्याच भक्तीने फूल ठेवावे.

असे झाले तर इतर ज्ञातींचे बांधवही परतताना नेबापूरला थांबतील, अशी आमची श्रद्धा आहे. मान मागून मिळतो त्याहून अधिक तो देऊन मिळतो. श्री म्हातोबाचरणी प्रार्थना की आपल्या पायांत ते बळ असो.