इंजिनघराचं जोतं

दोस्तांनो, इतिहास म्हणजे नुसते किल्ले नव्हेत. पाडलेलं इंजिनघर हाही इतिहासच.

कावसजी दावर यांनी १८५४ ला कंपनी काढली, १८५६ ला ताडदेवला गिरणी सुरू झाली. सारं वाफेवर. कोळसा जाळायचा, पाणी उकळायचं. इंजिनाची गती दोर नि पट्टे खात्याखात्यात न्यायचे. १९१५ ला खोपोलीची वीज आली, इंजिनं हळूहळू थंडावली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच पडत गेल्या.

अशा जागी खोदलं तर जोत्याचे दगड, गंजलेले बोल्ट, राख सापडेल. त्यावरून इंजिन केवढं होतं ते कळेल. पण एक गोष्ट दगड बोलणार नाही. सूत आणि कापड दोन्ही काढणाऱ्या गिरणीत एकच इंजिन रिंग खातं फिरवायचं नि विणाई खातंही. गतीला विटाळ नव्हता, माणसाला होता! कांडी बदलताना धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. उष्ट्याचा विटाळ नको म्हणून जादा पगाराच्या विणाईत अस्पृश्यांना मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. एकी मागता, मग विणाईचं दार का बंद?

वडगाव निंबाळकरच्या पोरांनो, गिरणीत राबलेला म्हातारा गावात भेटला तर वही घेऊन बसा. कुठलं खातं मिळालं, कुठलं नाकारलं, एवढं विचारा. दगड मालकाचे गेले. साक्ष आपली आहे, ती आपणच लिहायची.

जय भीम.