शेपटी हलली आणि फोटो गेला

लढाया, किल्ले आणि तहनामे बाजूला ठेवून आज मी कॅमेऱ्यावर बोलणार आहे. धावत्या कुत्र्याचा फोटो काढायला साधा, खिशात मावणारा कॅमेरा कोणता घ्यावा, हा आजचा विषय. इतिहासाच्या मालिकेत हे कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. पण तंजावरात राहिलं की कुठलाही प्रश्न फिरून फिरून इतिहासाच्या दारात येऊन बसतो.

तंजावर ही माझी सासुरवाडी. निवृत्तीनंतर आम्ही इथेच स्थायिक झालो. घरी एक राजपालयम जातीचा कुत्रा आहे, शेरू. पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा, लांब पायांचा. 2005 साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात राजपालयम होता आणि आपल्या घोरपड्यांच्या मुधोळचा हाउंडही होता. पुण्याची नात व्हिडिओ कॉलवर म्हणते, "आजोबा, शेरूचा पळतानाचा फोटो पाठवा ना." मी पाठवतो आणि तिकडे पोचतो एक पांढरा ढग.

माझ्या दृष्टीने ही नुसती हौसेची गोष्ट नाही. नोकरीत असताना आमच्या तुकडीबरोबर एक लॅब्रेडोर कुत्री होती, रोझी. रस्त्यात पुरलेला स्फोटक तिने आमची गाडी येण्याआधी हुंगून काढला होता. आज मी तुमच्याशी बोलतो आहे, त्यात तिचा वाटा आहे. एकदा परेडनंतर तिच्या जवानाने हात पसरून हाक मारली आणि ती गवतातून सुसाट निघाली. माझ्याकडे नवाकोरा डिजिटल कॅमेरा होता. बटण दाबलं. कॅमेऱ्याने आधी विचार केला, मग फोकस केला, मग फोटो घेतला. फोटोत जवान आहे, पसरलेले हात आहेत, मोकळं गवत आहे. काही महिन्यांनी रोझी आजाराने गेली. जवानाने फोटो मागितला, तेव्हा माझ्याकडे तेवढाच होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साहब, इसमें तो वो है ही नहीं."

हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते लिनियस ट्राइपचे फोटो बघताना. ट्राइप हा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला अधिकारी. 1856 मध्ये मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली आणि 1858 मध्ये तो तंजावरला आला. सामान बैलगाड्यांतून. कॅमेरा पेटाऱ्याएवढा, कारण तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोय नव्हती. जेवढी निगेटिव्ह, तेवढाच फोटो. बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावर चोळांचे शिलालेख कोरलेले आहेत. ट्राइपने ते तुकड्यातुकड्याने टिपले आणि 21 छायाचित्रं जोडून सुमारे 19 फुटांची पट्टी तयार केली. फौजी माणसाची चिकाटी त्यात दिसते.

पण त्या फोटोंत माणूस क्वचितच दिसतो. कागदी निगेटिव्हवर चित्र उमटायला भर उन्हातही काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागायचा. देवळाचा दगड तेवढा वेळ थांबतो. चालणारा माणूस, पळणारं कुत्रं, हलणारी शेपटी थांबत नाही. जो हलला, तो धुरकट झाला किंवा पुसलाच गेला.

आता त्या वेळचं तंजावर डोळ्यांपुढे आणा. 1855 मध्ये शिवाजीराजे वारले. त्यांना मुलगा नव्हता. कंपनीने राज्य तर घेतलंच, राजघराण्याच्या खाजगी मालमत्तेवरही टाच आणली. राणी कामाक्षीबाईसाहेब गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकलाही. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. 1859 मध्ये तिथे निकाल फिरला. हे राज्यकारभाराचं कृत्य आहे, न्यायालय त्यात पडू शकत नाही, असं ठरलं. म्हणजे ट्राइप देवळाचे दगड टिपत होता, तेव्हा त्याच गावात एक बाई आपल्या घरातल्या चीजवस्तूंसाठी झगडत होती. गाव हलत होतं, पण फोटोत ते शांत, रिकामं दिसतं. ट्राइपचा यात दोष नाही, त्याच्या यंत्राची तेवढीच ताकद होती. जुने फोटो बघताना आपण मात्र हे लक्षात ठेवायला हवं.

धावतं जनावर कॅमेऱ्यात पकडायला आणखी वीस वर्षं लागली. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याचे फोटो घेतले आणि चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे सिद्ध केलं. 1887 मध्ये त्याने 781 चित्रफलकांचा संग्रह काढला. त्यात कुत्रेही आहेत. सरस्वती महालात हत्ती-घोड्यांच्या सचित्र पोथ्या आहेत. चित्रकाराची नजर तीक्ष्ण असली, तरी दौडीतल्या पायांचा नेमका क्रम नुसत्या डोळ्याला सापडत नाही, हे मायब्रिजमुळे कळलं.

कॅमेरा सामान्यांच्या हातात आला तो ईस्टमनमुळे. 1888 चा कोडॅक, मग 1900 चा एक डॉलरचा ब्राउनी. आपल्या पिढीच्या घरात आग्फा क्लिक थ्री असायचा. डब्यासारखा, एका रोलवर बारा फोटो. म्हणून तर फोटोवाले काका ओरडायचे, "हलू नका!" ट्राइपपासून शंभर वर्षं उलटली, तरी हुकूम तोच होता.

आता हिशेब करू. फौजेत हलत्या लक्ष्यावर नेम धरताना आधी वेग विचारतात. समजा, कुत्रा ताशी 36 किलोमीटरने पळतोय. म्हणजे सेकंदाला 10 मीटर. शटर एक साठांश सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो सुमारे 17 सेंटिमीटर सरकतो. झाला ढग. एक हजारांश सेकंदात सरकतो फक्त एक सेंटिमीटर. चित्र स्पष्ट येतं. आणि बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर कुत्रा 5 मीटर पुढे! रोझी त्या 5 मीटरांत हरवली.

म्हणून कॅमेरा घेताना मेगापिक्सेल विचारू नका. चार गोष्टी बघा. एक, शटरचा वेग आपल्या हाताने ठरवता येतो का? निदान खेळांसाठीचा मोड तरी हवा. दोन, फोकस झपाट्याने होतो का? फेज डिटेक्शन असेल तर उत्तम. तीन, बटण दाबून धरलं की धडाधड फोटो निघतात का? चार, सेन्सर मोठा आहे का? शटर कमी वेळ उघडणार म्हणजे उजेड कमी येणार, तो गोळा करायला एक इंची सेन्सर बरा. उन्हात पडदा दिसत नाही, त्यामुळे डोळा लावून बघायची खिडकी असली तर सोन्याहून पिवळं. लांबलचक झूमचा मोह टाळा. झूम केलं की बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत उजेड आणखी घटतो.

दुकानातच परीक्षा घ्या. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि पाचचा आकडा दिसताक्षणी बटण दाबा. फोटोत कोणता आकडा आला ते बघा. असं दहादा करा. आपल्या हाताचा उशीर त्यात असतोच, पण तो सगळ्या कॅमेऱ्यांना सारखाच. मग कुठलं यंत्र आळशी आहे, ते लगेच कळतं.

मी जुना, एक इंची सेन्सरवाला कॅमेरा वापरलेला घेतला. पहाटे कल्लणै कालव्याच्या काठी गुडघे टेकून बसलो. कुत्र्याच्या उंचीवर उतरल्याशिवाय त्याचा फोटो चांगला येत नाही. तो जिथे येणार त्या जागेवर बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवला आणि सौभाग्यवतींना म्हटलं, "हं, मारा हाक." चाळीस फोटो निघाले. अडतीस टाकून दिले. एकात शेरूचे चारही पाय हवेत आहेत. तो नातीला पाठवला. दुसऱ्यात शेरू अर्धाच आहे, पण समोर हात पसरून बसलेल्या सौभाग्यवती अगदी स्पष्ट आल्या आहेत. तो मी छापून घेतला.

तुमच्या घरातलं जे कोणी हलतं, पळतं, ओरडतं, त्याचा फोटो याच आठवड्यात काढा. देऊळ हजार वर्षं थांबलं आहे, ते आणखी थांबेल.

पुढच्या भागात त्याच देवळात जाऊ. 1803 मध्ये सरफोजीराजांनी भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, त्याची गोष्ट सांगतो. नमस्कार.