काचेचे ओझे

दिघ्याच्या पाठीशी पारसिकचा डोंगर आहे. गेल्या हिवाळ्यात दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे एक रात्र तंबूत काढली. सकाळच्या उन्हातली ठाण्याची खाडी कॅमेऱ्यात टिपायची होती. सामान गावातल्या एका म्हाताऱ्या खाणकामगाराने वर आणले, आणि तोही मुक्कामाला राहिला.

उजाडण्याची वाट पाहताना मला सॅम्युअल बोर्न आठवला. १८६३ साली हा इंग्रज छायाचित्रकार सिमल्याहून हिमालयात शिरला. त्या काळी काचेवर कोलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या द्रावात बुडवायची आणि ओली आहे तोवरच चित्र घेऊन अंधारात धुवायची. म्हणून डोंगरात निजायच्या तंबूखेरीज काळोखाचाही एक तंबू लागे. काचा, रसायने, तंबू, सारे हमालांच्या पाठीवर. १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, बोर्नने चित्रे घेतली. त्याचे नाव राहिले. ओझे वाहणाऱ्यांची राहिली नाहीत.

ऊन खाडीवर उतरले. मी कॅमेरा आधी म्हाताऱ्याकडे वळवला.

“आमचा फोटू कशाला, मास्तर? खाडी घ्या ना!”

खाडीही घेतली. पण नाव मी त्याच्याच चित्राखाली लिहिले आहे.