कोठीतली काळी बुरशी, २०२१

कोठी म्हटलं की आपल्यात रेसिडेन्सीचा विषय निघतो : तिचे खांब, किर्कपॅट्रिक, खैरुन्निसा. त्याच कोठीतल्या सरकारी कान-नाक-घसा दवाखान्याचीही नोंद राहावी, असं मला वाटतं.

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट. म्युकरमायकोसिसच्या उपचारांसाठी तेलंगणा सरकारने हाच दवाखाना मुख्य केंद्र ठरवला. प्रत्येक रुग्णाची खबर सरकारला देणं सक्तीचं झालं, तेही मुंबईच्या प्लेगमुळे झालेल्या १८९७ च्या कायद्याखाली.

ही बुरशी माती-हवेत नेहमीच असते. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. कोरोना, स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांनी प्रतिकारशक्ती खचली, की ती नाकावाटे शिरते. आधी चेहऱ्याची एक बाजू सुजते, दुखते, बधिर होते. कातडी लालसर, मग जांभळट पडते. काळी खपली धरते ती नंतर.

‘काळी बुरशी’ हे घरोघरी पोचलेलं नाव म्हणूनच फसवं. काळी बुरशी नसते. ती रक्तवाहिन्या बंद पाडते आणि मेलेला भाग काळा दिसतो. काळं दिसेपर्यंत थांबलं, तर बराच उशीर झालेला असतो. कित्येकांचा जीव वाचवायला डोळा काढावा लागला.

त्या उन्हाळ्यातले केसपेपर, ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी वणवण केलेल्या चिठ्ठ्या घरात असतील, तर रद्दीत घालू नका. रेसिडेन्सीचे कागद कुणीतरी जपले, म्हणून तिचा इतिहास आज सांगता येतो.