उपास कीं अजीर्ण?

मोटार भर रस्त्यांत आचके देऊं लागली व बंद पडली, म्हणजे मालक प्रथम टांकींत पेट्रोल आहे कीं नाहीं तें पाहतो. हें योग्यच आहे. परंतु पुष्कळांची चौकशी तेथेंच संपते. इंजिन थांबलें त्या अर्थीं त्याला इंधन मिळालें नसावें, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे कीं, इंधन जास्त झाल्यानेंहि तें थांबतें असें सांगितल्यास ऐकणारा चकित होतो. वस्तुतः एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. हें प्रमाण फार बिघडलें म्हणजे पेट्रोलचा उपास असो वा अजीर्ण असो, गाडी सारखीच थांबते.

म्हणून जाणता कारागीर स्पार्क प्लग काढून त्याचें तोंड पाहतो. वैद्य रोग्याची जीभ पाहतो तसें. प्लगवर कोरडी काजळी धरली असेल व मागच्या नळींतून काळा धूर निघत असेल, तर पेट्रोल अधिक जात आहे. प्लग पांढुरका पडला असेल व कार्ब्युरेटरांतून उलट फटफट आवाज येत असतील, तर पेट्रोल कमी पडत आहे, अथवा कोठून तरी आगंतुक हवा आंत शिरत आहे.

उपासाचें उदाहरण मोटारीच्या बाल्यापासूनच सांपडतें. जर्मनींतील कार्ल बेंझ यांनीं 1886 सालीं आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें. पण गिऱ्हाइकांचा विश्वास बसेना. 1888 च्या ऑगस्टमध्यें त्यांच्या पत्नी बर्थाबाई, नवऱ्यास न कळवितां, दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून आपल्या माहेरीं, फोर्टझहाइमला, त्या गाडीनें निघाल्या. वाट सुमारें शंभर किलोमीटरांची होती. नवऱ्याच्या धंद्यांत त्यांच्या हुंड्याचा पैसा गेलेला होता, ही गोष्ट येथें विसरूं नये. वाटेंत इंधन संपलें, तें त्यांनीं वीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून घेतलें. तेथें लिग्रोइन नांवाचा डाग काढण्याचा पदार्थ मिळत असे. पुढें इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनीं टोपीची लांब टाचणी काढली आणि नळी मोकळी केली. संध्याकाळीं त्या माहेरीं पोंचल्या.

बेंझ यांच्या गाडींत इंधनाच्या पृष्ठभागावरून निघणारी वाफच हवेंत मिसळे. 1893 सालीं विल्हेल्म मायबाख यांनीं इंधनाचे तुषार हवेच्या झोतांत सोडणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्याच वर्षीं बुडापेस्टला बांकी व चोंका या जोडीनेंहि अशाच यंत्राचें पेटंट मागितलें. अशा कार्ब्युरेटराच्या कप्प्यांत एक पोकळ तरंगी असते. घरच्या टांकींत पाणी चढलें म्हणजे वर आलेला गोळा नळ बंद करतो, त्याच युक्तीनें ही तरंगी पेट्रोलची वाट बंद करते. पेट्रोल उतरलें कीं ती खालीं जाते व वाट उघडते. पेट्रोल नेहमीं तळाशींच राहणार, या भरंवशावर सारी रचना उभी. जमिनीवरच्या मोटारीस तो भरंवसा पुरला. आकाशांत पुरला नाहीं.

1940 सालीं इंग्लंडवर हवाई युद्ध चाललें होतें. ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांतील मर्लिन इंजिनांना तरंगीचे कार्ब्युरेटर होते. जर्मन मेसरश्मिट 109 च्या इंजिनांत पेट्रोल सरळ सिलिंडरांत पिचकारीप्रमाणें सोडलें जाई. जर्मन वैमानिकानें विमानाचें नाक एकदम खालीं दाबून सूर मारला कीं पाठलाग करणाऱ्या इंग्रजानेंहि तसेंच करावें, आणि नेमक्या त्या क्षणीं त्याचें इंजिन गचकावें! शत्रु निसटे; कधीं तोच उलटून अंगावर येई. म्हणून इंग्रज वैमानिक आधीं विमान उताणें करीत व मग खालीं वळवीत. त्यांत मोलाचे क्षण जात.

येथें रोग एक नसून एकापाठोपाठ दोन होते. नाक दाबतांच कप्प्यांतील पेट्रोल उसळून छताला जाई, तळाचीं छिद्रें उघडीं पडत आणि इंजिन क्षणभर उपाशी राही. पण तेवढ्यानें भागत नसे. वर गेलेलें पेट्रोल तरंगीला तळाशीं दाबी, वाट सताड उघडे, पंप पूर्ण जोरानें पेट्रोल आंत लोटी, आणि इंजिन काळा धूर ओकीत गुदमरे. पहिल्या आचक्यावरून उपासाचा इलाज करून पेट्रोल वाढविलें असतें, तर रोग बळावलाच असता.

फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेंतील बिअ‍ॅट्रिस शिलिंग यांनीं अजीर्णावर बोट ठेवलें. या बाई मँचेस्टर विद्यापीठाच्या इंजिनिअर. शिवाय ब्रुकलँड्सच्या चाकोरींत मोटारसायकल ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें फिरवून सुवर्णतारा मिळविलेल्या. त्यांनीं पंपाकडून येणाऱ्या नळींत मधोमध भोंक असलेली धातूची एक लहानशी टोपी बसविली. पूर्ण शक्तीनें चालणाऱ्या इंजिनास जितकें पेट्रोल लागेल तितकेंच त्या भोंकांतून जाई. कप्प्याची वाट सताड उघडली तरी पूर येत नसे. विमान कारखान्यांत न्यावयास नको. 1941 च्या आरंभीं त्या आपल्या साहाय्यकांसह एकेका विमानतळावर जाऊन हें काम करवीत होत्या. वैमानिकांनीं त्या टोपीला ‘मिस शिलिंगचें भोंक’ म्हणावयास सुरुवात केली. बाईंचें लग्न 1938 मध्येंच झालें होतें, याची कोणास पर्वा नव्हती.

क्षणभराचा पहिला आचका मात्र उरलाच, आणि उलटें विमान फार वेळ चालविणें या टोपीनेंहि साधलें नाहीं. त्यासाठीं 1943 मध्यें दाबानें चालणारा, तरंगी नसलेला कार्ब्युरेटर यावा लागला. तोंवर हजारों फुटांवरचें काम त्या भोंकावर निभावलें. शिलिंगबाई फार्नबरोस 1969 पर्यंत नोकरींत होत्या.